पितृपक्षातला गणपती

त्सुकुबा, ८ जून २०२५

नयनामावशी,

तू फोनवर म्हणालीस, मंडळाच्या भानगडीबद्दल मला मेसेज पाठवू नकोस, घरात एकच आयपॅड आहे, सगळ्यांचे मेसेज त्यावर उमटतात आणि काका ते वाचतात. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून हाताने एवढं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आज आम्ही सगळे नचिकेतच्या घरी जमलो होतो. सगळे म्हणजे जपानातल्या आपल्या पूर्वरंग मंडळाची त्सुकुबात राहणारी सगळी कुटुंबं, आणि माझ्यासारखे एकटे पोस्टडॉक संशोधक. ठरलं ते तुला सरळ सांगते. आम्ही मंडळातून बाहेर पडतोय. यंदाचा गणपती त्सुकुबात, आमचा आम्ही बसवणार.

तू म्हणशील, एवढं काय झालं? मावशी, अध्यक्ष म्हणून काकांनी गणपतीसाठी हॉल घेतलाय १४ सप्टेंबरचा. अनंत चतुर्दशी ६ तारखेला आहे. १४ म्हणजे भर पितृपक्ष! ज्या माणसाला पंचांग तोंडपाठ, त्याने बाप्पाला पितृपक्षात बसवायचं? मी फोन करून विचारलं, तर म्हणाले, “परदेशात तिथी आपल्या सोयीने धरायची असते. मी ठरवलंय, विषय संपला.” इथे सगळा कारभार असाच. राजा बोले, दळ हाले.

नचिकेतची मुलगी पूर्वी तुमच्या कोतोच्या भारतीय शाळेत नववीत आहे. तिला सध्या इतिहासात अमेरिकेच्या वसाहतींचा धडा आहे. त्यांनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध एकेक तक्रार मांडली, ‘त्याने असं केलं, त्याने तसं केलं’, आणि शेवटी म्हटलं, आता आम्ही स्वतंत्र. नचिकेत म्हणाला, आपणही तसंच करू. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. मग आम्ही लिहायला बसलो आणि खरं सांगते, थांबता थांबेना. त्यांनी पाडव्याला एकच सूत्रसंचालन दोघांना दिलं आणि दोघांनाही माईकसमोर उभं केलं. त्यांनी आमची नाटिका मंजूर केली आणि महिन्याने विचारलं, कसली नाटिका? ते आमचा कार्यक्रम दर वेळी शेवटी ठेवतात आणि आम्ही मेकअपसकट कोतोहून परतीची त्सुकुबा एक्स्प्रेस पकडायला धावतो. त्यांनी चर्चेला येतो म्हणून सांगितलं, आम्ही पानं वाढून बसलो आणि ते आलेच नाहीत, साधा फोनही नाही. असं बरंच आहे. एक प्रत सोबत जोडली आहे.

६ जुलैच्या वार्षिक सभेत हे मोठ्याने वाचायचं आहे आणि वाचणार आहे मी. नचिकेत म्हणाला, घरचीच मुलगी वाचते म्हटल्यावर कोणी याला वैर म्हणणार नाही. काका मला नारिता विमानतळावर घ्यायला आले होते, माझ्या भाड्याच्या घराला हमीदार राहिले, हे मी विसरलेले नाही. इथल्या निम्म्या लोकांना तेच हमीदार आहेत. पण हमीदार राहिले म्हणून आम्ही जन्मभर मान खाली घालायची का?

तुला आधी सांगितलं, कारण पाठीमागून वार करायचा नाही.

तन्वी

*

कोतो, १३ जून

तन्वे,

पत्र मिळालं. बाई गं, तू माझ्या बहिणीची मुलगी ना? घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशी माझी गत केलीस.

तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. कार्यक्रम शेवटी ठेवण्याची खोड तुझ्या काकांची जुनीच आहे. त्यावरून मी स्वतः भांडले आहे. त्सुकुबाची मंडळी तयारीची, ती शेवटी आली की लोक उठून जात नाहीत, हे त्यांचं म्हणणं. तुमची गाडी चुकते हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. राजेपणा आहे त्यांच्यात, तो मी नाकारत नाही. हे मंडळ त्यांनी आमच्या दोन खोल्यांच्या घरात चालू केलं, आणि अजून त्यांना ते आपल्याच घरात वाटतं.

पण सभेत वाचू नकोस. वेगळं व्हायचं तर व्हा, एक पत्र पाठवा आणि मोकळे व्हा. भर सभेत एकेक मुद्दा वाचायचा कशाला?

आणि मला जरा सांग. दोघांना सूत्रसंचालन दिलं ते एकाच दिवशी की वेगवेगळ्या? नाटिकेचं विसरले ते कधी, थंडीत की नंतर? तुमच्याकडे यायचं कबूल केलं ती तारीख कोणती? आणखी असं काही झालं असेल, यादीत न घातलेलं, तर तेही कळव. क्षुल्लक वाटलं तरी.

मी का विचारते ते विचारू नकोस. मला सध्या झोप नीट लागत नाही एवढंच समज.

नयनामावशी

*

त्सुकुबा, १८ जून

मावशी,

तुझं पत्र नचिकेतला दाखवलं नाही, पण त्यात काय आहे ते ढोबळ सांगितलं. तो म्हणाला, तारखा मागतायत म्हणजे बचावाची तयारी चाललीय, काकांनीच विचारायला लावलं असणार. मी तुझ्या बाजूने भांडले. मग घरी आल्यावर पत्र पुन्हा वाचलं आणि मलाही तसंच वाटलं. वाईट वाटलं गं. तू कधीपासून वकिली करायला लागलीस?

पण आम्हाला लपवायचं काहीच नाही, त्यामुळे घे तारखा. सूत्रसंचालनाचं मार्चमध्ये, आठवड्याच्या अंतराने दोघांना सांगितलं. नाटिकेला एप्रिलमध्ये हो म्हणाले आणि मेमध्ये कानावर हात ठेवले. आमच्याकडे यायचे होते रविवारी, १८ मेला. मी स्वतः पुरणपोळी केली होती, काकांना आवडते म्हणून.

आणि न लिहिलेलं हवंय ना? तालमीच्या वेळी त्यांनी नचिकेतला सगळ्यांसमोर तीनदा पियुष म्हणून हाक मारली. पियुष तुमचा खजिनदार, त्याचं आणि नचिकेतचं पटत नाही हे काकांना चांगलं ठाऊक आहे. नचिकेत म्हणाला, मी पियुष नाही. तर काका म्हणाले, “मला शिकवू नकोस.” त्याचा चेहरा पडला होता, मावशी. खरं तर त्या दिवशीच तो मनाने मंडळातून गेला.

हेही आता यादीत घालतोय. मी ६ तारखेला वाचणार. तू सभेत बसलीस तर माझ्याकडे बघू नकोस, म्हणजे मला वाचता येईल.

तन्वी

*

कोतो, २२ जून

तन्वी,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. नचिकेतला दाखवायचं नाही, तुझ्या आईलाही कळवायचं नाही. देवाशपथ.

१८ मेला तुझे काका घरून निघाले होते. तुमच्यासाठी चिवडा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. दुपार टळल्यावर मला अकिहाबारा स्टेशनातून, जिथून तुमची गाडी सुटते तिथून, फोन आला. एक गृहस्थ फलाटावरच्या बाकावर बसून आहेत, गाड्या येतात जातात, ते चढत नाहीत, खिशातल्या कार्डावर हा नंबर आहे, असं स्टेशनवाले सांगत होते, मला कसंबसं कळलं. मी धावत गेले. ते मला पाहून उठले आणि रागावले, एवढा उशीर का केलास म्हणून. घरी येताना म्हणाले, त्सुकुबाची बैठक चांगली झाली, मुलं समजूतदार आहेत. चिवड्याची पिशवी हातात तशीच होती.

आता कळलं मी तारखा का विचारल्या?

हिवाळ्यापासून चाललंय हे. ज्या माणसाने इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला कचरा कसा वेगळा करायचा, कुठल्या वारी काय टाकायचं ते शिकवलं, त्याची पिशवी शेजारच्या मोरी-सान परत आणून देतात. दोनदा आणून दिली. त्या काही बोलत नाहीत, वाकून नमस्कार करतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. १४ सप्टेंबरचंही तेच. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पंधरा तारखेला, रविवारी आपला गणपती होता. वॉर्डाच्या हॉलची सोडत निघाली तेव्हा यांनी मागच्या वर्षीचाच रविवार पुन्हा भरला. मी पितृपक्ष म्हटल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला, आणि मग ते जे ‘परदेशात तिथी सोयीने’ सुरू झालं ते तू ऐकलंसच. चूक झाली म्हणायची त्यांना भीती वाटते गं. एकदा म्हटलं की पुढचं सगळं विचारलं जाईल. त्यापेक्षा ‘मी ठरवलंय’ सोपं.

तुमची ती यादी मी रोज वाचते. तुम्हाला त्यात जुलूम दिसतो. मला दुखणं दिसतं, एकाखाली एक लिहिलेलं. मी घरात जे सहा महिने झाकत होते ते तुम्ही बाहेर बसून बिनचूक टिपलंत. नचिकेतच्या पूर्वीच्या धड्यातल्या त्या इंग्लंडच्या राजाचं पुढे काय झालं, ते तिला विचार. मी शोधून वाचलं. त्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

डॉक्टरकडे जायला ते तयार नाहीत. माझं जपानी बाजाराच्या पिशवीपुरतं, त्यामुळे दुभाषा लागणार, आणि इथले मराठी दुभाषे म्हणजे आपल्याच मंडळाचे कार्यकर्ते. ही सोय काकांनीच उभी केली होती, आता तीच आड येते. मी विषय काढला की म्हणतात, संध्याकाळपर्यंत अख्ख्या कोतोला कळेल, अध्यक्षाचं डोकं फिरलं म्हणतील, अध्यक्ष असेपर्यंत मी त्या दारात पाय ठेवणार नाही. आणि अध्यक्षपद तर ते सोडत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती झाकून झाकून माझे हात भरून आलेत. लवकर दाखवलं तर औषध आहे म्हणतात. उशीर झाला तर काय, हा विचार मला स्वयंपाक करू देत नाही.

सभेत तुम्ही एकेक वाचाल आणि कोणीतरी शहाणा मध्येच म्हणेल, अहो हे तर विसरण्याचं लक्षण दिसतंय. ते त्यांना सहन होणार नाही. त्यानंतर ते घराबाहेर पडणार नाहीत, डॉक्टरकडे तर नाहीच.

तुझ्या पाया पडते. वाचू नकोस.

नयनामावशी

*

त्सुकुबा, २५ जून

मावशी,

मला सारख्या त्या पुरणपोळ्या आठवतायत. आम्ही त्या खाता खाता काकांना नावं ठेवली.

मी काल नचिकेतकडे गेले आणि म्हटलं, वाचन नको, साधं राजीनाम्याचं पत्र देऊ. त्याने कारण विचारलं. मी काय सांगणार? तो म्हणाला, मावशीने डोळ्यांत पाणी आणलं असेल. म्हणाला, तू नाही वाचलंस तर मी वाचतो. त्याने वाचलं तर तो पियुष म्हणून मारलेल्या हाकेची नक्कल करून दाखवेल, लोक हसतील आणि मग तू म्हणतेस तसं कोणाच्या तरी लक्षात येईल. मी वाचलं तर निदान आवाज माझ्या ताब्यात राहील. पण मी वाचायचं कसं?

सगळ्यांना खरं सांगून टाकू या का? नचिकेत वाईट नाही. कळलं तर तो पहिला धावत येईल. सगळेच येतील, डबे घेऊन. पण तू शपथ घातलीस.

दिवसभर लॅबमध्ये चुकीच्या नळ्यांत चुकीची द्रावणं घालतेय. काहीतरी सांग. लवकर सांग.

तन्वी

*

कोतो, २९ जून २०२५

चि. तन्वी,

खालच्या पेटीतून रोज टपाल मीच वर आणतो, हे तुम्हा दोघींच्या लक्षात आलं नाही. तुझं पाकीट नयनाच्या नावाचं होतं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मला अजून नीट आठवतं, तरी फोडलं आणि माझ्याकडेच ठेवलं. मग तिच्या कपाटातून आधीची काढली आणि तुमची तक्रारींची प्रतही वाचली. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा लिहितोय.

चांगली लिहिली आहे. कोणी लिहिली? तू का? काही गोष्टी वाचून मला राग आला, कारण त्या मला मुळीच आठवत नाहीत. राग ओसरल्यावर भीती वाटली. एवढी भीती मला नोकरी गेली त्या वर्षीसुद्धा वाटली नव्हती.

आता नीट ऐक. तू वाचायचं आहे. एकही ओळ गाळायची नाही, आवाज खाली आणायचा नाही.

नयनाला वाटतं मला सभेपासून वाचवावं. तुला वाटतं सगळ्यांना सांगून टाकावं. दोघींचं चुकतंय. सांगितलंत तर काय होईल ते मला माहीत आहे, कारण दुसऱ्यांच्या बाबतीत ते मीच केलं आहे. पाळ्या लावतील, डबे पोचवतील, ‘आपले उदयकाका’ म्हणून डोळे पुसतील. माझ्याशी कोणी भांडणार नाही. मी बोललो की सगळे हो हो म्हणतील आणि एकमेकांकडे बघतील. तन्वी, लोक माझ्यावर चिडलेले मला चालतात, आयुष्यभर चालले. कीव मला सोसणार नाही.

तुम्हाला जुलमी राजा हवा आहे ना? तो मी देतो. मी उभा राहीन आणि सगळं कबूल करीन. मी हे केलं, जाणूनबुजून केलं, माझी मर्जी. मग मला हाकलून द्या. राजा म्हणून गेलो तर मी ताठ मानेने जाईन. अध्यक्ष राहिलो नाही की डॉक्टरकडे जाण्याची माझी अडचणही संपते. हा शब्द तुला देतो, आणि विसरलो तर हे पत्र माझ्यासमोर धर.

नयनाला सभेनंतर सांग, आधी नाही. ती मला जाऊच देणार नाही. त्या दिवशी मी तिला घरीच थांबवीन.

त्सुकुबाच्या गणपतीला शाडूचीच मूर्ती आणा. आणि चतुर्थीलाच बसवा, शनिवार-रविवार बघू नका.

उदयकाका

*

त्सुकुबा, ७ जुलै २०२५

मावशी,

काल संध्याकाळी पियुषने तुला फोन केला आणि मग तू मला केलास. म्हणालीस, विश्वासाने सांगितलं त्याचा हा उपयोग केलास, आता माझ्या घराची पायरी चढू नकोस. तेव्हा काका माझ्या शेजारीच होते, त्यांच्यादेखत खुलासा नको म्हणून मी फोन ठेवला. सोबत त्यांचं पत्र जोडते आहे. ते आधी वाच, मग माझं वाच. हे पाकीटही तुला तेच आणून देतील, त्यांना ठाऊक आहे.

मी वाचलं. सगळं. काका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. प्रत्येक तक्रारीनंतर म्हणाले, “हो. केलं.” नचिकेतने विचारलं, का केलंत? म्हणाले, “माझी मर्जी. मंडळ मी काढलं.” पितृपक्षाचं आलं तेव्हा म्हणाले, तुमच्यापेक्षा पंचांग मला जास्त कळतं. पियुषच्या नावाचं आलं तेव्हा नचिकेतकडे बघून म्हणाले, तुला डिवचायचं होतं. लोक खवळले. मंडळाचे जुने लोकही, जे काल सकाळपर्यंत त्यांच्या बाजूचे होते. कोणाला कसली शंका आली नाही, मावशी. त्यांनी इतकं चोख केलं की मध्ये एकदा मलाच वाटलं, खरंच मुद्दाम केलं असेल.

वाचून संपलं, मी कागद घडी करत होते, तेवढ्यात रुचा उठली. ती एप्रिलमध्येच त्सुकुबाला आली आहे, आधीचं सगळं तिला ऐकूनच माहीत. ती रडत होती. म्हणाली, गेल्या दिवाळीत आमच्याकडच्या मुलांनी चित्रं काढून पाठवली, ती तुम्ही प्रदर्शनात लावलीच नाहीत, मुलं अजून विचारतात, मुलांशी कसलं वैर?

हे आमच्या यादीत नव्हतं, कारण हे झालेलंच नाही. चित्रांची गुंडाळी आमच्यातल्याच देवदत्तच्या हातून गाडीतल्या फळीवर राहिली होती. ती कोतोला पोचलीच नाही. नंतर ती हरवलेल्या सामानाच्या ऑफिसातून मीच सोडवून आणली. मुलांना काहीतरी सांगायचं म्हणून कोणीतरी काकांचं नाव सांगितलं असेल, आणि रुचाला तेच खरं वाटलं. देवदत्तला माहीत होतं, नचिकेतला माहीत होतं. दोघांनी खाली बघितलं.

काका थोडा वेळ रुचाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हो. मीच नाही लावली. मला आवडली नाहीत.”

त्यावर जो गलका झाला त्यात त्यांना पायउतार केल्याचा ठराव झाला आणि आम्ही वेगळे झाल्याचाही झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काका छत्री घेऊन बाहेर पडले. मी मागोमाग गेले. ते हॉलच्या मागच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं, खूश असतील, ठरवलं तसं पार पाडलं. त्यांनी माझा हात धरला.

म्हणाले, “ती मुलांची चित्रं. मी खरंच असं केलं गं?”

मी म्हटलं, “नाही काका. ती तुमच्यापर्यंत आलीच नव्हती.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं केलंत.”

मग म्हणाले की उभं राहून हो म्हणताना त्यांना वाटत होतं, आपण नाटक करतोय. पण ती बाई रडायला लागली तेव्हा त्यांनी आठवून पाहिलं आणि काहीच हाती लागलं नाही. केलेलं आणि न केलेलं आतून सारखंच रिकामं होतं. तिने खून केलात म्हटलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं, असं म्हणाले आणि रडले. मावशी, काकांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पाठीवरून हात फिरवत बसले. मला दुसरं काही येत नव्हतं.

डॉक्टरकडे ते येणार आहेत. शुक्रवारची वेळ मी आज सकाळी फोन करून घेतली, दुभाषी मीच. पण त्यांनी एक अट घातली आहे, आणि ती तुला सांगणं मला काल वाचण्यापेक्षा जड जातंय. तू आत यायचं नाहीस, बाहेर बसायचं. ते म्हणाले, नयना मला सांभाळून घेईल. डॉक्टर मला विचारतील आणि उत्तर ती देईल, गोड करून देईल. मी काय काय केलं ते मला सांगता येणार नाही, तिला सांगवणार नाही. तू सांग, काल सांगितलंस तसं.

मी हो म्हटलं.

शुक्रवारी सकाळी लवकरच्या गाडीने येते. तू मला घरात घेतलं नाहीस तर मी खाली सायकलींपाशी उभी राहीन. काकांना तेवढं खाली पाठव.

तन्वी